एकेरी मार्गावरील गोळा : लहान प्रोसेसरांच्या गाभ्यातील सेमाफोर

बंगळूर शहराच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हे नाव शहरवासीयांना प्रामुख्याने वाहनांच्या गर्दीमुळे परिचित आहे. बाह्य वर्तुळाकार रस्ता आणि जुना विमानतळ रस्ता येथे एकमेकांना छेदतात आणि सकाळ-संध्याकाळ पुलाच्या दोन्ही अंगांना वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. तथापि या भागाची आणखी एक ओळख आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, उपग्रहांची जुळणी व चाचणी करणारे केंद्र याच भागात आहे. २०१९ मध्ये श्रीहरिकोट्यास रवाना होण्यापूर्वी चांद्रयान-२ च्या चाचण्या येथे झाल्या. येथून पश्चिमेस थोड्या अंतरावर हिंदुस्थान एअरोनॉटिक्स कंपनीच्या विमानतळाची धावपट्टी आहे. ४ जानेवारी २००१ रोजी भारतीय बनावटीचे हलके लढाऊ विमान, ज्यास पुढे 'तेजस' हे नाव मिळाले, प्रथम आकाशात झेपावले ते याच धावपट्टीवरून.

उपग्रह आणि लढाऊ विमान ही दोन अगदी भिन्न यंत्रे होत. परंतु एका बाबतीत त्यांचे साम्य आहे. दोहोंच्या पोटात संगणक असतो आणि त्या संगणकाला क्षणभरही उसंत नसते. 'तेजस'ची रचना तर हेतुतः अशी केलेली आहे की संगणकाच्या साहाय्याखेरीज ते हवेत स्थिर राहू शकत नाही. वैमानिकाने दांडा हलवला म्हणजे ती आज्ञा प्रथम संगणकाकडे जाते आणि विमानाचे नियंत्रक पृष्ठभाग किती वळवावयाचे हे संगणक ठरवतो. अशा रीतीने एखाद्या यंत्राचा अवयव होऊन राहिलेल्या प्रोसेसरांना यंत्रात जडवलेले किंवा एम्बेडेड प्रोसेसर म्हणतात. ते केवळ विमानात व उपग्रहातच असतात असे नाही. धुलाई यंत्र, मोटारीचे ब्रेक, रुग्णालयातील सलाइनचा पंप, विजेचा मीटर अशा असंख्य वस्तूंत ते आढळतात. त्यांच्याकडून अपेक्षा मात्र एकच असते : योग्य उत्तर योग्य वेळी मिळाले पाहिजे. उशिरा मिळालेले बरोबर उत्तर येथे चुकीच्याच उत्तराइतके घातक ठरू शकते.

या प्रकरणात अशा प्रोसेसरांच्या संचालन प्रणालीतील, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिममधील, एका लहानशा परंतु मूलभूत योजनेचा परिचय करून घ्यावयाचा आहे. या योजनेला सेमाफोर असे म्हणतात.

एक प्रोसेसर, अनेक कामे

प्रोसेसर एका वेळी एकच आज्ञा पार पाडतो. परंतु यंत्राला एकाच वेळी अनेक गोष्टी हव्या असतात. चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे उदाहरण घेऊ. उंची मोजणे, इंजिनाचा जोर कमीजास्त करणे, तापमानावर लक्ष ठेवणे, पृथ्वीकडे माहिती पाठवणे ही सर्व कामे एकाच कालखंडात चालू असली पाहिजेत. संचालन प्रणालीचा जो सर्वांत आतला भाग असतो, त्याला कर्नल म्हणजे गाभा म्हणतात. हा गाभा प्रोसेसरचा वेळ या कामांमध्ये वाटून देतो. प्रत्येक कामाला एक अग्रक्रम दिलेला असतो. चालू असलेल्या कामापेक्षा अधिक निकडीचे काम सिद्ध झाले, की गाभा पहिले काम आहे त्या अवस्थेत थांबवतो, त्याच्या रजिस्टरांतील आकडे जपून ठेवतो आणि दुसरे काम चालू करतो. पहिल्या कामाला आपण थांबवले गेलो होतो याची जाणीवही होत नाही.

हा बदल घडवून आणणारी यंत्रणा म्हणजे व्यत्यय किंवा इंटरप्ट. घड्याळाचा ठोका पडला, मापकाकडून नवा आकडा आला, तारेवरून एखादे अक्षर पोचले, की प्रोसेसरला व्यत्ययाची सूचना मिळते. चालू काम सोडून तो त्या सूचनेची दखल घेतो. व्यत्यय केव्हा येईल हे आधी सांगता येत नाही. कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये तो येऊ शकतो. सर्व अडचणींचे मूळ या एका वाक्यात आहे.

अर्धा जुना, अर्धा नवा आकडा

ही अडचण एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. यानाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून ती स्मृतीत एका ठिकाणी ठेवली जाते असे समजू. प्रोसेसर १६ बिटांचा आहे. त्याला एका वेळी ६५,५३५ पर्यंतचाच आकडा हाताळता येतो, म्हणून उंची दोन तुकड्यांत ठेवावी लागते. वरचा तुकडा ६५,५३६ चे गट सांगतो, तर खालचा तुकडा उरलेली संख्या सांगतो. उंची ६५,५३६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६५५ मीटर असेल, तर वरच्या तुकड्यात १ आणि खालच्या तुकड्यात ० असेल. यान एक सेंटिमीटर खाली आले, की वरच्या तुकड्यात ० आणि खालच्या तुकड्यात ६५,५३५ असा बदल होईल.

आता इंजिनाचे नियंत्रण करणारे काम उंची वाचू लागते. ते प्रथम खालचा तुकडा वाचते : ०. नेमक्या त्याच क्षणी व्यत्यय येतो, उंची मोजणारे काम चालू होते आणि दोन्ही तुकड्यांत नवे आकडे लिहिते. नंतर पहिले काम पुन्हा सुरू होते व वरचा तुकडा वाचते : ०. दोन्ही तुकडे शून्य. म्हणजे यान जमिनीवर टेकले! इंजिन बंद करण्याची आज्ञा सुटते आणि ६५५ मीटर उंचीवरून यान कोसळते. मापकात दोष नव्हता आणि दोन्ही कामांतील आज्ञा आपापल्या परीने बरोबर होत्या. चूक होती ती केवळ दोघांच्या वेळेच्या गाठीभेटीत. अशी गाठ लाखांत एकदा पडते, आणि म्हणूनच चाचणीच्या वेळी ती दिसेल याची खात्री देता येत नाही.

अशा दोषांनी माणसांचे प्राणही घेतले आहेत. कॅनडातील एका सरकारी कंपनीने बनवलेल्या थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांपैकी काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. पुढे झालेल्या अभ्यासात असे आढळले, की या यंत्रातील अनेक कामे सामाईक स्मृतीतील खुणांच्या आधारे एकमेकांशी व्यवहार करीत असत. परंतु खूण तपासणे आणि खूण बदलणे या दोन क्रिया अखंड नव्हत्या. यंत्रातील चुंबकांची मांडणी होण्यास सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या अवधीत चालकाने कळफलकावरून उपचाराचा प्रकार दुरुस्त केला, तर ती दुरुस्ती पडद्यावर दिसे, परंतु यंत्राच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचत नसे. सराव झालेल्या चालकाचा हात जलद चालू लागल्यावरच ही चूक प्रकट झाली.

रेल्वेचा धडा

दोन कामांनी एकाच जागी एकाच वेळी शिरू नये, हा प्रश्न संगणकाच्या जन्मापूर्वी रेल्वेपुढे उभा राहिला होता. दोन स्थानकांमध्ये एकच लोहमार्ग असेल तर समोरासमोरून दोन गाड्या त्यावर येऊ नयेत, यासाठी काय करावे? भारतात अनेक एकेरी मार्गांवर यासाठी गोळ्याची पद्धत वापरली गेली. दोन्ही स्थानकांत एकेक यंत्र असे आणि ती विजेच्या तारेने परस्परांशी अशी जोडलेली असत, की दोहोंपैकी एकातून एक पोलादी गोळा बाहेर काढला की तो परत यंत्रात पडेपर्यंत कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा निघू शकत नसे. गोळा वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या चामडी पिशवीत घालून चालकाच्या हाती दिला जाई. गोळा हातात आल्याखेरीज चालकाने गाडी पुढे न्यावयाची नाही, असा नियम होता. खांबावर बसवलेला आडवा हात, म्हणजे सेमाफोर सिग्नल, हा याच व्यवस्थेचा दृश्य भाग. हात आडवा असला की थांबावयाचे. तो खाली झुकला, लोकांच्या भाषेत सिग्नल पडला, की निघावयाचे.

संगणकशास्त्राने सेमाफोर हा शब्द येथूनच घेतला. हे श्रेय नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे आहे. १९३० मध्ये रॉटरडॅम येथे जन्मलेल्या डाइक्स्ट्रांनी ॲमस्टरडॅम येथे काम करीत असताना व्यत्ययांची हाताळणी करणारा कार्यक्रम लिहिला होता. केव्हाही येऊ शकणाऱ्या व्यत्ययाचे भय काय असते हे त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होते. १९६२ मध्ये ते आइंडहोव्हन येथील तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका संगणकासाठी जी संचालन प्रणाली उभारली, तिचा पाया सेमाफोर हाच होता. त्या संगणकाची मुख्य स्मृती अवघी ३२ हजार शब्दांची होती. १९६५ च्या एका लेखनात डाइक्स्ट्रांनी ही कल्पना तपशिलाने मांडली.

जागून थांबणे आणि झोपून थांबणे

त्यापूर्वी या प्रश्नाला उत्तरच नव्हते असे नाही. डच गणितज्ञ डेकर यांनी दोन कामांसाठी एक युक्ती शोधली होती व डाइक्स्ट्रांनी ती कितीही कामांना लागू पडेल अशी विस्तारली. परंतु त्या युक्तीत एक मोठा तोटा होता. जागा मोकळी नसेल तर थांबलेले काम 'झाली का मोकळी, झाली का मोकळी' असे सतत विचारीत राही. हे थांबणे म्हणजे मारतहळ्ळीच्या पुलाखाली इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या मोटारीचे थांबणे होय. गाडी हलत नाही, पण पेट्रोल जळतच असते. लहान प्रोसेसरात तर हे अधिकच वाईट. प्रोसेसर एकच असल्याने विचारत बसलेले काम ज्याच्यासाठी थांबले आहे, त्याच कामाचा वेळ खात असते. विचारणाऱ्याचा अग्रक्रम वरचा असेल, तर जागा अडवून बसलेल्या कामाला पुढे जाण्याची संधी मिळणारच नाही आणि यंत्र कायमचे थिजून जाईल.

डाइक्स्ट्रांच्या सेमाफोरने ही अडचण दूर केली. सेमाफोर म्हणजे एक अंक आणि त्यासोबत थांबलेल्या कामांची एक रांग. त्यावर दोनच क्रिया करता येतात. पहिली, सेमाफोर घेणे. अंक शून्याहून मोठा असेल तर तो एकाने कमी होतो व काम पुढे जाते. अंक शून्य असेल तर काम रांगेत जाऊन झोपी जाते. दुसरी क्रिया, सेमाफोर सोडणे. रांगेत कोणी असेल तर त्यास जागे केले जाते आणि कोणी नसेल तर अंक एकाने वाढतो. या दोन क्रियांना डाइक्स्ट्रांनी पी आणि व्ही अशी नावे दिली. रेल्वेच्या व्यवहारातील 'ओलांडणे' आणि 'मोकळे करणे' या अर्थाच्या डच शब्दांची ती आद्याक्षरे होती. झोपलेले काम प्रोसेसरचा कणभरही वेळ घेत नाही. हाच या योजनेचा सर्वांत मोठा गुण होय.

गाभ्यातील रचना

कल्पना इतकी सोपी असता ती प्रत्यक्षात आणण्यास कष्ट का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण असे, की सेमाफोरचा अंक आणि रांग या स्वतःच सामाईक वस्तू आहेत. ज्या रोगावर औषध द्यावयाचे, तो रोग औषधालाही जडू शकतो. अंक तपासणे आणि तो कमी करणे यांच्या दरम्यान व्यत्यय आला, तर दोन कामांना एकच गोळा मिळेल. याहून अवघड प्रसंग पुढीलप्रमाणे. काम अंक तपासते, तो शून्य आढळतो आणि ते झोपी जाण्याच्या तयारीत असते. तेवढ्यात दुसरे काम सेमाफोर सोडते. रांगेत अद्याप कोणीच नाही, म्हणून ते अंक वाढवून निघून जाते. त्यानंतर पहिले काम रांगेत जाऊन झोपते. त्याला जागे करणारी हाक येऊन गेलेली आहे आणि ती पुन्हा येणार नाही.

म्हणून तपासणे आणि त्यानुसार वागणे ही एकच अखंड कृती झाली पाहिजे. प्रोसेसर एकच असेल तर यासाठी सरळ उपाय आहे : तेवढा वेळ व्यत्यय बंद ठेवावयाचे. सेमाफोर घेण्याची कृती तेव्हा अशी होते. गाभा व्यत्यय बंद करतो. अंक शून्याहून मोठा असल्यास तो एकाने कमी करून, व्यत्यय पूर्वस्थितीत आणून परततो. अंक शून्य असल्यास चालू कामाच्या नोंदीत 'प्रतीक्षेत' असा शेरा लिहितो, ती नोंद सेमाफोरच्या रांगेत लावतो आणि सिद्ध असलेल्या कामांपैकी वरच्या अग्रक्रमाचे काम चालू करतो. सोडण्याची कृती याच्या उलट असते. रांग रिकामी असल्यास अंक वाढवावयाचा. रांगेत कोणी असल्यास वरच्या अग्रक्रमाचे काम बाहेर काढून त्यावर 'सिद्ध' असा शेरा लिहावयाचा आणि त्याचा अग्रक्रम चालू कामाहून वरचा असेल तर लगेच त्यास प्रोसेसर द्यावयाचा.

येथे तीन बारकावे ध्यानात ठेवावे लागतात. पहिला असा, की रांगेतील काम जागे केले तर अंक वाढवावयाचा नाही. गोळा स्टेशनमास्तरच्या टेबलावर न ठेवता थेट थांबलेल्या चालकाच्या हाती द्यावयाचा, असे हे आहे. टेबलावर ठेवल्यास जागे झालेले काम तेथे पोचण्यापूर्वी तिसरेच काम तो उचलून नेईल.

दुसरा बारकावा व्यत्यय पुन्हा चालू करण्याविषयी आहे. सेमाफोर सोडणारे काम आधीच व्यत्यय बंद करून आलेले असू शकते. गाभ्याने निघताना ते सरसकट चालू केले, तर त्या कामाचे रक्षण त्याच्या नकळत संपते. म्हणून येताना दार उघडे होते की बंद याची नोंद ठेवून जाताना ते तसेच ठेवावे लागते.

तिसरा बारकावा वेळेचा. व्यत्यय बंद असतात तेव्हा यंत्र बाहेरच्या जगाला बहिरे असते. सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने तारेवरून अक्षरे येत असतील, तर दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक अक्षर दारात उभे राहते. एकच अक्षर साठवण्याची सोय असेल आणि व्यत्यय त्याहून अधिक वेळ बंद राहिले, तर अक्षर हरवते. सेकंदाला ७ कोटी २० लाख ठोके देणाऱ्या प्रोसेसरवर शंभर ठोक्यांना दीड मायक्रोसेकंदही लागत नाही, तेव्हा तशी भीती नाही. परंतु रांगेत अग्रक्रमानुसार योग्य जागा शोधण्यास रांगेच्या लांबीप्रमाणे वेळ लागत असेल, तर सर्वांत वाईट प्रसंगी किती वेळ लागेल हे सांगता येणार नाही. म्हणून अनेक गाभ्यांत ३२ अग्रक्रमांसाठी ३२ बिटांचा एक शब्द राखून ठेवतात. ज्या अग्रक्रमाचे काम सिद्ध किंवा प्रतीक्षेत असेल, त्याचा बिट १ असतो. डावीकडून पहिला १ कोठे आहे, हे पुष्कळ प्रोसेसर एका आज्ञेत सांगू शकतात. कामे दोन असोत की तीस, वेळ तेवढाच लागतो. अशा यंत्रांत सरासरी वेग फारसा महत्त्वाचा नसतो. सर्वांत वाईट प्रसंगी लागणारा वेळ ठाऊक असणे हेच महत्त्वाचे.

व्यत्ययाच्या बाजूने

व्यत्ययाची दखल घेणारा जो छोटा कार्यक्रम असतो, त्याला सेमाफोर सोडता येतो, परंतु रिकामा नसलेल्या सेमाफोरसाठी थांबता येत नाही. कारण तो कोणत्याही एका कामाचा नसतो आणि त्याला झोपवावयाचे म्हणजे ज्या बिचाऱ्या कामावर तो येऊन आदळला, त्यालाच विनाकारण झोपवणे होय. शिवाय त्याने सेमाफोर सोडल्यामुळे वरच्या अग्रक्रमाचे काम जागे झाले, तरी कामांची अदलाबदल व्यत्ययाची दखल पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकावी लागते.

व्यवहारात आणखी एक सोय हवी असते. ती म्हणजे 'इतका वेळ थांब, न मिळाल्यास परत ये' असे सांगण्याची. मापक बिघडला असेल तर त्याच्या आकड्याची वाट अनंत काळ पाहणे शहाणपणाचे नाही. परंतु ही सोय देताच एकच काम दोन रांगांत उभे राहते : एक सेमाफोरची आणि दुसरी घड्याळाची. जी हाक आधी येईल, तिने कामाची नोंद दोन्ही रांगांतून काढली पाहिजे. एका रांगेत ती विसरली गेली तर पुढे केव्हातरी, भलत्याच ठिकाणी, ते काम भलत्याच कारणासाठी जागे होईल. गाभ्यातील चुका शोधणाऱ्यांना असे प्रसंग फार सतावतात.

या सर्व रचनेला स्मृती किती थोडी लागते हे पाहण्यासारखे आहे. अंक, रांगेचे टोक आणि एखाददुसरी खूण, एवढ्यात सेमाफोर मावतो. रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फ्री-आर-टॉस या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या गाभ्यात तर सेमाफोर निराळा लिहिलेलाच नव्हता. संदेशांची रांग सांभाळणारी जी यंत्रणा होती, तिच्यातच शून्य लांबीचे संदेश घातले, की झाला सेमाफोर. संदेश किती आहेत एवढीच मोजणी उरते आणि तीच हवी असते.

उपयोग आणि कोंडी

सेमाफोरचा आरंभीचा अंक काय ठेवावा, यावर त्याचे कार्य ठरते. अंक १ असेल तर ते एकेरी मार्गाचे रक्षण झाले. आपल्या उदाहरणातील उंचीचे दोन्ही तुकडे वाचण्यापूर्वी व लिहिण्यापूर्वी दोन्ही कामांनी असा सेमाफोर घेतला, तर अर्धा जुना व अर्धा नवा आकडा कधीच हाती येणार नाही. अंक ० असेल तर तो निरोप ठरतो. एक काम घेण्यासाठी थांबते आणि नवा आकडा आला की व्यत्यय तो सोडतो. अंक ८ असेल, तर ती आठ रिकाम्या कप्प्यांची मोजणी झाली. भरणारा प्रत्येक वेळी एक कप्पा घेतो आणि रिकामा करणारा तो परत करतो.

दोन सेमाफोर एकत्र आले, की मात्र नवे संकट उभे राहते. पहिल्या कामाने उंचीचा सेमाफोर घेतला व ते तारेच्या सेमाफोरसाठी थांबले. दुसऱ्याने तारेचा घेतला व ते उंचीच्या सेमाफोरसाठी थांबले. दोघेही झोपलेले आणि जागे करणारा कोणी नाही. एकेरी मार्गावर समोरासमोरील दोन्ही स्थानकांतील सर्व रूळ भरून जावेत आणि कोणालाच पुढे सरकता येऊ नये, तशी ही कोंडी होय. यावर एक साधा नियम पुष्कळ उपयोगी पडतो. सर्व सेमाफोरांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक कामाने ते चढत्या क्रमानेच घ्यावेत. मग वर्तुळ पुरे होत नाही.

मंगळावर घडलेली गोष्ट

सर्व नियम पाळूनही सेमाफोर कसा दगा देऊ शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीपासून दूर घडले. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच यानावरील संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा आरंभापासून सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडे. मंगळापर्यंत संदेश पोचण्यास त्या वेळी सुमारे साडेदहा मिनिटे लागत होती आणि तेथे जाऊन यंत्र उघडून पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता.

कारण पुढीलप्रमाणे होते. हवामानाची माहिती गोळा करणारे काम खालच्या अग्रक्रमाचे होते. यानाच्या विविध भागांत माहितीची ने-आण करणारे काम वरच्या अग्रक्रमाचे होते. दोघांना एक सेमाफोर सामाईक होता. हवामानाच्या कामाने तो घेतला असता वरचे काम आले व थांबले. येथवर सर्व रीतसर होते, कारण हवामानाचे काम क्षणात सेमाफोर सोडणार होते. परंतु तेवढ्यात मधल्या अग्रक्रमाचे, दळणवळणाचे काम जागे झाले. त्याला सेमाफोरशी काही कर्तव्य नव्हते. पण त्याचा अग्रक्रम हवामानाच्या कामाहून वरचा असल्याने गाभ्याने त्यालाच प्रोसेसर दिला. आता सर्वांत निकडीचे काम सर्वांत खालच्या कामासाठी अडले होते आणि खालचे काम मधल्यामुळे अडले होते. ठरलेल्या वेळेत वरचे काम पुरे झाले नाही हे पाहून, पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने संगणक पुन्हा सुरू केला. या प्रकाराला अग्रक्रमाचे उलटणे असे म्हणता येईल.

यावरील उपाय आधीच ज्ञात होता. लुई शा, भारतात पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे गणिती विवेचन केले होते. सेमाफोर ज्याच्या हाती आहे, त्याने थांबलेल्यांपैकी सर्वांत वरचा अग्रक्रम तात्पुरता वारशाने घ्यावा आणि सेमाफोर सोडताच आपल्या मूळ अग्रक्रमावर परत यावे. मग मधल्याला आडवे येता येत नाही. पाथफाइंडरच्या गाभ्यात ही सोय होती, परंतु त्या विशिष्ट सेमाफोरसाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी यानाच्या प्रतिकृतीवर तोच दोष पुन्हा घडवून आणला, कारण शोधले आणि आकाशमार्गे सुधारणा पाठवून ती सोय चालू केली. त्यानंतर हा त्रास थांबला. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे अकस्मात पुनरारंभ झाले होते, परंतु ते पुन्हा घडवून दाखवता न आल्याने त्यांचा उलगडा राहून गेला होता.

ही सोय फुकट मिळत नाही. त्यासाठी सेमाफोर सध्या कोणाच्या हाती आहे, ही नोंद गाभ्याला ठेवावी लागते. निरोपासाठी वापरलेल्या सेमाफोरला असा धनी नसतो. घेणारा एक आणि सोडणारा दुसराच असतो. म्हणून आधुनिक गाभे कुलूप आणि निरोप या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवतात. कुलपाला म्यूटेक्स म्हणतात आणि अग्रक्रमाचा वारसा त्यालाच मिळतो. ज्याला वारसा मिळाला ते काम स्वतःच दुसऱ्या कुलपासाठी थांबले असेल, तर वारसा साखळीने पुढे पोचवावा लागतो आणि त्या रांगेतील त्याची जागाही बदलावी लागते.

यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर असतील, तर आणखी एक पायरी वाढते. एकाने आपले व्यत्यय बंद केले, म्हणून दुसरा थांबत नाही. तेथे स्मृतीतील आकडा तपासणे व बदलणे हे एकाच अखंड आज्ञेने करण्याची सोय प्रोसेसरच्या रचनेतच असावी लागते. तिच्या आधारे अगदी अल्प काळ जागून थांबणे स्वीकारावे लागते. मात्र ते फक्त सेमाफोरच्या अंकाला व रांगेला हात लावण्यापुरते असते. मूळ कामाने थांबावयाचे ते झोपूनच.

या सर्व विवेचनातून सेमाफोरकडून अपेक्षित असलेल्या तीन गोष्टी स्पष्ट होतात. त्याची कृती अखंड असावी, थांबणाऱ्याने इतरांचा वेळ खाऊ नये आणि थांबण्याला ज्ञात मर्यादा असावी. गाभ्यात या तिन्ही गोष्टी साधणाऱ्या ओळी फार नसतात. त्या एका बैठकीत वाचून होतील. परंतु प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये व्यत्यय आला तर काय होईल, हा प्रश्न विचारीतच त्या वाचाव्या लागतात, कारण चाचणीने चूक आहे हे कळते, चूक नाही हे कळत नाही.

आणि इतके करूनही सेमाफोर हा शेवटी एक संकेतच राहतो. गोळा हाती नसताना चालकाने गाडी पुढे काढली, तर लोहमार्ग त्यास अडवीत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या कामाने सेमाफोर न घेता उंचीचा आकडा वाचला, तर गाभा त्यास रोखत नाही. पन्नास कामांपैकी एकोणपन्नासांनी नियम पाळला आणि एकाने तो मोडला, तर संरक्षण कोणालाच उरत नाही. सलाइनचा पंप असो, विमान असो वा चंद्रावर उतरणारे यान असो, त्यांवर अवलंबून असलेल्यांची सुरक्षितता त्या एकोणपन्नासांवर नव्हे, तर त्या पन्नासाव्यावर ठरते.